रात्री एक ते पाच

प्रश्न : न्यूयॉर्कच्या फॉन्डल एम या अंडरग्राउंड हिप हॉप लेबलचा, म्हणजे छोट्या रेकॉर्ड कंपनीचा, ‘फेअरवेल फॉन्डल एम’ हा संग्रह मुलाने ऐकायला दिला. ‘ग्रेटेस्ट हिट्स समज,’ म्हणाला. मला त्यातलं एकही नाव माहीत नाही, आवाजही खरखरतो. जी गाणी कधी गाजलीच नाहीत ती हिट कशी?

उत्तर : शंका रास्त आहे. पण ही गाणी गाजली, फक्त रात्री एक ते पाच या वेळात. कोलंबिया विद्यापीठाच्या डब्ल्यूकेसीआर, ८९.९ एफएमवर १९९० ते १९९८ या काळात गुरुवारी रात्री स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबिटो गार्सिया यांचा कार्यक्रम असे. कुठल्याच कंपनीशी करार नसलेले रॅपर तिथे माइक हातात घेत. नास, बिगी, जे-झी नावारूपाला येण्याआधी तिथे येऊन गेले. लोक जागून कार्यक्रम कॅसेटवर उतरवत आणि त्या कॅसेटी हातोहात फिरत. याच बॉबिटोने १९९५मध्ये फॉन्डल एम सुरू केलं, तेही कूल कीथ आणि गॉडफादर डॉन या रॅपर जोडीच्या रेकॉर्डने.

माल निघे तो मुख्यतः बारा इंची तबकडीवर. शब्दांसह गाणं, आणि बऱ्याचदा सोबत नुसता वाद्यांचा ठेका, म्हणजे डीजेला दोन तबकड्यांवर खेळता यावं. घरी टर्नटेबल नसेल त्याने ऐकायचं कसं? त्या माणसासाठी २००१मधला हा संग्रह मोलाचा होता. तोवर लेबलचा गाशा गुंडाळला गेला होता. संग्रह काढला तो एल-पी नावाच्या रॅपरच्या डेफिनिटिव्ह जक्स या दुसऱ्या स्वतंत्र लेबलने.

खरखरीबद्दल म्हणाल, तर ती काढून टाकायला कोणी गेलं नाही हे मला फार आवडतं. ठेका जुन्या रेकॉर्डचे तुकडे उचलून बांधलेला असतो, त्यांच्यावरची धूळही सोबत येते.

फॉन्डल एमने केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे एमएफ डूम हा रॅपर. आधी हा झेव्ह लव्ह एक्स या नावाने केएमडी या गटात होता. १९९३मध्ये गटातला त्याचा धाकटा भाऊ सबरॉक गाडीखाली गेला, पुढे तयार अल्बम त्यांच्या तेव्हाच्या कंपनीने अडवला आणि गटालाच सोडून दिलं. काही वर्षं तो दिसेनासाच झाला. परतला तो न्यूयोरिकन पोएट्स कॅफेत, चेहऱ्यावर बायकी मोजा ओढून. ज्या पोलादी मुखवट्याने तो पुढे ओळखला गेला, तो नंतरचा. १९९७मध्ये त्याचं ‘डेड बेंट’ आलं, १९९९मध्ये ‘ऑपरेशन : डूम्सडे’ हा अल्बम, दोन्ही इथूनच. त्याचं यमक ऐका. ओळीच्या शेवटी वाट बघाल तर चुकाल, ते मधेच दोन-तीनदा येऊन जातं आणि तरी स्वारी समेवर बिनचूक हजर.

संग्रहाबद्दल माझी तक्रार एकच. अशा निवडीत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम जागा येते, आणि यातले काही जण पूर्ण रेकॉर्डभर ऐकायचे आहेत. जगनॉट्स घ्या. १९९६च्या त्यांच्या रेकॉर्डवर ‘क्लिअर ब्लू स्काइज’ नावाचं गाणं आहे. गोऱ्या मुलाने काळ्या मुलीवर प्रेम केलंय आणि बाप त्याला फैलावर घेतोय, एवढाच प्रसंग. बाप आणि मुलगा दोघेही एकाच रॅपरच्या, ब्रीझ ब्रुइनच्या तोंडून बोलतात, आणि तो स्वतः काळा आहे. बापाचा द्वेष त्याने इतका घरगुती आवाजात म्हटलाय की पहिल्यांदा ऐकताना मी तीनदा मागे जाऊन खात्री करून घेतली, की हे दोघे खरंच एकच आहेत.

हेडफोन लावा, रात्री उशिरा ऐका. आणि मुलाला सांगा, यानंतर जगनॉट्सची ती रेकॉर्ड दे.