वाचकांचे प्रश्न : पोलिसांच्या अंगावरचे कॅमेरे आणि संशोधनाचा पैसा

प्रश्न : मी पीएच.डी.साठी पोलिसांच्या गणवेशावर लावल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांचा अभ्यास करते आहे. त्यांच्यामुळे पोलीस आणि नागरिक यांच्या वागण्यात फरक पडतो का, हा माझा विषय आहे. असे कॅमेरे विकणारी एक कंपनी उपकरणे आणि क्षेत्रकार्याचा खर्च द्यायला तयार आहे. निष्कर्ष प्रसिद्ध करण्यापूर्वी त्यांची संमती घ्यावी, एवढीच त्यांची अट आहे. हा पैसा घ्यावा का?
— एक संशोधक विद्यार्थिनी, चेंबूर

उत्तर : या अटीवर घेऊ नये. पैसा कंपनीचा आहे, एवढ्यावरून संशोधन खोटे ठरत नाही. पण प्रसिद्धीला संमती हवी असेल, तर प्रतिकूल निष्कर्ष कपाटात राहण्याची वाट आपण स्वतःच करून देतो. कंपनीला मसुदा वाचून तांत्रिक चुका दाखवायच्या असतील, तर त्यासाठी ठरावीक मुदत देता येईल, मात्र ती संपल्यावर छापण्याचा निर्णय पूर्णपणे आपला राहील, असे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. याला कंपनी तयार नसेल, तर तिला नेमके काय हवे आहे हे उघडच आहे.

या विषयाचा इतिहास पाहिला की ही काळजी का घ्यावी लागते ते कळते. कॅलिफोर्नियातील रिआल्टो या लहान शहरात २०१२-१३ मध्ये गाजलेला प्रयोग झाला. तिथे कोणत्या पाळीत कॅमेरे लावायचे आणि कोणत्या पाळीत नाही, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिक पद्धतीने ठरवले होते. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी आधीच्या वर्षाच्या तुलनेत सुमारे ८८ टक्क्यांनी घटल्या. तो आकडा जगभर फिरला आणि कॅमेरे विकणाऱ्यांनी त्याचा भरपूर उपयोग केला. मात्र मूळ तक्रारीच दोन डझनांच्या आसपास होत्या, हा तपशील त्याच्याबरोबर फारसा फिरला नाही. संशोधकांनी काम प्रामाणिकपणे केले होते. पण एका छोट्या शहराचा निष्कर्ष मोठ्या शहरांच्या खरेदीचा आधार झाला.

पुढे वॉशिंग्टन शहरात सुमारे २,२०० पोलिसांवर प्रयोग झाला आणि २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. बळाचा वापर असो वा तक्रारी, कॅमेरे असलेल्या आणि नसलेल्या पोलिसांत सांख्यिकीदृष्ट्या दखल घ्यावा असा फरक आढळला नाही. हे काम शहर प्रशासनातील संशोधन गटाने केले होते, आणि काय मोजणार व कसे मोजणार याचा आराखडा त्यांनी निकाल हाती येण्याआधीच जाहीर करून ठेवला होता. त्यामुळे अपेक्षाभंग करणारा निष्कर्ष दडपण्याची सोयच उरली नव्हती. आपणही पैसा कोणाचाही असो, आराखडा आधी सार्वजनिक नोंदणीत टाकावा. देणगीदाराच्या दबावापासून संशोधकाला वाचवणारा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

प्रश्न : मी पोलीस दलातून निवृत्त झालो आहे. कॅमेऱ्यांनाच पैसा पुरत नाही, मग त्यांच्यावरील संशोधनाला का द्यायचा? चित्रीकरण समोर असताना आणखी काय सिद्ध करायचे राहते?
— एक वाचक, नायगाव

उत्तर : आपला अनुभव मोठा आहे, म्हणून हा प्रश्न मी गांभीर्याने घेतो. एखाद्या घटनेत काय घडले, हे चित्रीकरण सांगू शकते. कॅमेरे दिल्यामुळे पोलिसांचे आणि लोकांचे वागणे बदलले का, हे मात्र ते सांगत नाही, कारण त्यासाठी कॅमेरा नसताना काय घडले असते याच्याशी तुलना करावी लागते.

शिवाय चित्रीकरणही आपोआप पूर्ण होत नाही. नाकाबंदीवरचे दृश्य डोळ्यांपुढे आणा. हवालदार दुचाकी थांबवतो, कागदपत्रे मागतो, आवाज चढतो, आणि मग त्याचा हात छातीवरच्या बटणाकडे जातो. बऱ्याच कॅमेऱ्यांत बटण दाबण्याआधीचे काही सेकंद आपोआप जपले जातात, पण अनेकदा आवाजाविना. म्हणजे भांडणाची सुरुवात कोणी केली, नेमके तेच ऐकू येत नाही. कॅमेरा केव्हा सुरू करायचा हे पोलिसाच्या मर्जीवर सोडले तर परिणाम बिघडतात, असे अनेक शहरांतील प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासात २०१६ मध्ये दिसून आले होते. नियम कसा असावा, हे ठरवायला असा अभ्यासच उपयोगी पडतो.

खर्चाचे म्हणाल, तर अमेरिकेच्या न्याय खात्याने २०१५ मध्ये या कॅमेऱ्यांसाठी २.३ कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली, त्यांतले सुमारे १९ लाख डॉलर परिणामांच्या अभ्यासासाठी होते. एकूण रकमेच्या मानाने हा वाटा लहान होता. कॅमेऱ्याची किंमत एकदाच मोजावी लागते. चित्रफिती वर्षानुवर्षे साठवणे, न्यायालयासाठी शोधून काढणे, पीडितांचे चेहरे झाकणे, हा खर्च चालूच राहतो. तो करायचा की नाही हे ठरवण्यासाठी त्याचा लहानसा हिस्सा बाजूला काढणे मला उधळपट्टी वाटत नाही.

आणि हा हिस्सा खरेदीच्या वेळीच काढायला हवा, या मुद्द्यावर मी अडून आहे. सर्व ठाण्यांना एकदम कॅमेरे मिळाले की तुलनेला कोणी उरत नाही. त्यानंतर कितीही निधी दिला तरी ती संधी परत येत नाही. मुंबईत नव्वदहून अधिक पोलीस ठाणी आहेत आणि कॅमेरे टप्प्याटप्प्यानेच येतील. पहिल्या टप्प्यात कोणती ठाणी घ्यायची हे यादृच्छिक निवडीने ठरवले, तर उरलेली ठाणी आपोआप तुलनेचा गट होतात आणि कोणालाही कायमचे वंचित ठेवावे लागत नाही. इथे पोलीसनिहाय निवड उपयोगाची नाही, कारण एकाच नाकाबंदीवर कॅमेरा असलेले आणि नसलेले शेजारी शेजारी उभे राहतील आणि एकाच्या कॅमेऱ्याचा परिणाम दुसऱ्यावरही होईल.

मुंबई पोलिसांना प्रयोगाचे वावडे नाही. आठ तासांच्या ड्युटीची सुरुवात २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यापासून झाली होती, हे आपल्याला आठवत असेल. मध्य प्रदेशात १८० पोलीस ठाण्यांत महिला साहाय्य कक्षांचा यादृच्छिक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. इतक्या मोठ्या प्रमाणावर पोलीस ठाण्यांत शास्त्रीय तुलना आपल्या देशात होऊ शकते, हे त्यातून दिसले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण बंधनकारक झाले आहे. चित्रीकरण तर वाढणारच आहे, तेव्हा त्याचा परिणाम मोजणे आता टाळू नये.

प्रश्न : अशा अभ्यासाला भारतात पैसा कुठून मिळू शकतो?
— एक प्राध्यापक, डोंबिवली

उत्तर : भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आणि केंद्रीय गृह मंत्रालयाचा पोलीस संशोधन व विकास विभाग, हे दोन दरवाजे आधी ठोठवावेत. दुसऱ्याचा फायदा असा की पोलीस दलांशी त्याचे नाते जुने आहे. पण तो गृह मंत्रालयाचा भाग असल्याने प्रसिद्धीचा हक्क तिथेही लेखी मागून घ्यावा. सरकारी पैसा आहे म्हणून हा आग्रह सोडू नये. परदेशी प्रतिष्ठानांचा निधी घ्यायचा असेल, तर संस्थेकडे परकीय योगदान कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी एका संस्थेकडून दुसरीकडे वळवता येत नाही, म्हणून दोन महाविद्यालयांच्या संयुक्त प्रकल्पात पैसा कोणाच्या खात्यात येणार याचा विचार आधीच करावा.

अर्जाला पोलीस आयुक्तालयाचे संमतीपत्र जोडावे. कोणत्या ठाण्यांच्या, कोणत्या काळातील, कोणत्या स्वरूपातील नोंदी मिळणार, हे त्या पत्रात असावे, आणि अधिकाऱ्याची बदली झाली तरी ते लागू राहील असेही नमूद करून घ्यावे. मंजूर निधी हाती असूनही नोंदी न मिळाल्यामुळे अभ्यास अडकून पडण्याचा धोका या क्षेत्रात मोठा आहे. चित्रफिती पाहणारे साहाय्यक कोण असतील, लैंगिक गुन्ह्यांतील पीडितेची ओळख कशी जपली जाईल आणि काम संपल्यावर प्रती केव्हा नष्ट केल्या जातील, हे संस्थेच्या नीतिसमितीपुढे मांडून तिची मान्यता घ्यावी. या कामासाठी लागणारे सुरक्षित संगणक आणि वेगळी खोली यांचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरावा, कारण तो नंतर वाढवून मागणे अवघड जाते.