प्रत्येक सोनोग्राफीत प्रसूतीची तारीख बदलते. त्यांतली खरी कोणती मानावी?

पहिल्या तिमाहीतल्या, म्हणजे 14 आठवडे पूर्ण होण्यापूर्वीच्या सोनोग्राफीशी शेवटच्या पाळीचा हिशेब ताडून नक्की केलेली तारीख खरी मानावी आणि नंतरच्या अहवालांतील वेगळ्या तारखांवरून ती बदलू नये. या काळात गर्भाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजतात; ती तोवर सर्व गर्भांमध्ये जवळपास सारख्या गतीने वाढत असल्याने वयाचा अंदाज पाच ते सात दिवसांच्या फरकाने बरोबर येतो. पुढे डोक्याचा व पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजली जाते, परंतु तोपर्यंत आनुवंशिकता, आईचे पोषण आणि वारेचे कार्य यांमुळे बाळे लहानमोठी होऊ लागतात, आणि यंत्र मात्र सरासरी बाळाच्या मापावरून तारीख काढून अहवालात छापत राहते. अमेरिकेतील स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेच्या 2017 च्या सूचनांनुसार, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसावरून काढलेली तारीख 9 आठवडे पूर्ण होण्यापूर्वीच्या सोनोग्राफीत पाच दिवसांहून अधिक, तर 9 ते 14 आठवड्यांत सात दिवसांहून अधिक चुकत असेल तरच बदलावी. फरक त्याहून कमी असल्यास पाळीचीच तारीख कायम राहते. आठव्या महिन्यात बाळ दोन आठवडे ‘मागे’ दिसले, तर तारीख पुढे ढकलणे धोक्याचे ठरू शकते, कारण वाढ खुंटल्याची खूण त्यात झाकली जाते. अशा वेळी डॉक्टर डॉप्लर तपासणी, म्हणजे नाळेतला रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी, सुचवतात. टेस्ट ट्यूब पद्धतीने गर्भधारणा झाली असल्यास मात्र भ्रूण गर्भाशयात सोडल्याच्या दिवसावरून व त्या वेळच्या भ्रूणाच्या वयावरूनच हिशेब करावा.