केबल तोडण्याआधी रिमोट सासूबाईंच्या हातात द्या

लालबागच्या घरी सासू-सासरे जुन्या मराठी मालिकाच बघतात, मग केबल काढून सगळं ऑनलाइन केलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल, पण कनेक्शन आजच तोडू नका.

दोघांना काय बघायचंय ते आधी कागदावर लिहून घ्या आणि एकेक नाव शोधा, कारण जुन्या मालिका एका जागी मिळत नाहीत. अल्फा मराठीच्या, म्हणजे आताच्या झी मराठीच्या, मालिका झी फाइव्हवर बघा. दूरदर्शनचं जुनं सह्याद्रीच्या यूट्यूब चॅनलवर शोधा, आणि प्रसार भारतीने २०२४ मध्ये आणलेल्या वेव्हज ॲपवरही. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या 'चिमणराव' मालिकेच्या काळातलं सगळं मिळेल अशी आशा मात्र धरू नका. तेव्हा टेपा महाग असायच्या, पुसून पुन्हा वापरल्या जायच्या. मुंबई दूरदर्शन १९७२ पासून सुरू आहे; त्यातलं कितीतरी काम असं कायमचं गेलं, याचं मला फार वाईट वाटतं.

यूट्यूबवर कुणीही टाकलेले भाग टाळा. कॉपीराइटमध्ये पकडलं जाऊ नये म्हणून चित्र आरशासारखं उलटं केलेलं असतं, कडा कापलेल्या असतात, आवाज चिरका झालेला असतो, आणि ते कधी उडवले जातील याचा नेम नाही.

खरी अडचण येते ती रिमोटची. केबलवर नंबर दाबला की चॅनल लागतो. ॲपमध्ये एकेक अक्षर टिपत नाव लिहायला लागलं की म्हातारी माणसं कंटाळून टीव्हीच बंद करतात. माइकचं बटण असलेला रिमोट घ्या, भाषेत मराठी मिळत असेल तर ती करून ठेवा आणि सासूबाईंना स्वतः बोलून मालिका लावू द्या. तुम्ही लावून दिलीत तर त्या रोज तुमची वाट बघत बसतील. जुन्या मालिका चौकोनी पडद्यासाठी काढलेल्या आहेत. चेहरे फुगलेले दिसले तर सेटिंगमध्ये पिक्चर साइझ ४:३ करा.

सह्याद्री थेट हवं असेल तर डीडी फ्री डिश आहे. महिन्याचे पैसे नाहीत, फक्त छत्री आणि बॉक्सचा खर्च. पण छत्रीला आग्नेयेकडचं आकाश मोकळं लागतं. समोर टॉवर उभा असेल तर त्या फंदात पडू नका.

महिनाभर दोन्ही चालू ठेवा. मगच केबलवाल्याला सांगा, आणि बॉक्स परत द्यायचा असेल तर डिपॉझिटची पावती शोधून ठेवा.