ग्लूटिनस तांदूळ आणि ग्लूटेन

प्रश्न असा आहे : दुकानातल्या तांदळाच्या पाकिटावर 'ग्लूटिनस राइस' असं छापलेलं दिसलं. घरात एकाला ग्लूटेन वर्ज्य आहे. मग हा तांदूळ चालेल का, आणि 'ग्लूटिनस'ला मराठीत म्हणायचं काय?

चालेल. तांदळात, कुठल्याही तांदळात, गव्हातलं ते ग्लूटेन नसतं. (पीठ किंवा तयार पदार्थ असेल तर त्यात आणखी काय मिसळलंय तेवढं पाकिटावर वाचून घ्या.) ग्लूटिनस म्हणजे नुसतं चिकट.

घोटाळा होतो तो नावांच्या नात्यामुळे. लॅटिनमध्ये 'ग्लूटेन' म्हणजे सरस, सुतार लाकूड जोडायला वापरतात तसला. त्यावरून सरसासारखं चिकट ते ग्लूटिनस. गहू यात नंतर आला. इटलीतल्या बोलोन्याचे वैज्ञानिक बेक्कारी यांनी गव्हाच्या पिठातला चिकट भाग वेगळा काढून त्याचं वर्णन १७४५ साली प्रसिद्ध केलं. घरीही करून पाहता येतं. कणकेचा घट्ट गोळा पाण्यात चोळत राहा. पांढरं पाणी निघून जातं आणि हातात करडा, रबरासारखा ताणणारा लगदा उरतो. त्यालाच पुढे ग्लूटेन हे नाव चिकटलं.

ग्लूटेन हे प्रथिन. तांदळाचा चिकटपणा मात्र प्रथिनातून नव्हे, स्टार्चमधून येतो. स्टार्चचे दोन प्रकार, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज भरपूर असलं की भात मोकळा, फडफडीत होतो. ग्लूटिनस जातींत ते जवळजवळ नसतंच, म्हणून शितं एकमेकांना सोडत नाहीत. लाओस आणि ईशान्य थायलंडमध्ये हा भात वाफवून हाताने गोळा करून खातात, जपानात तो कुटून 'मोची' नावाचे मऊ, चिकट गोळे करतात. आपल्याकडे आसामचा बोरा चाउल याच कुळातला. आंबेमोहोराचा भात आसट होतो खरा, पण तो ग्लूटिनस नव्हे.

वापराचं म्हणाल तर, घामाने किंवा गुळाने हात चिकट झाले तर इंग्रजीत 'स्टिकी', तिथे ग्लूटिनस विचित्र वाटेल. ग्लूटिनस म्हणजे पदार्थ मुळातच लगद्यासारखा आणि चिकट : खळ, मोची, फार शिजलेली लापशी. तेल किंवा मध दाटपणामुळे संथ वाहतो, तिथे 'व्हिस्कस'. भेंडीच्या बुळबुळीत तारेला मात्र सर्रास 'स्लायमी' म्हणतात. आणि आपला 'चिकट' पैसे न सोडणाऱ्या माणसालाही लागतो. ग्लूटिनस त्या अर्थाने वापरू नका, कुणाला कळणार नाही.

तेव्हा मराठीत सरळ 'चिकट तांदूळ' लिहावं. 'चिवट' नको, चिवट म्हणजे तुटायला, चावायला कठीण. पाककृतींच्या भाषांतरात 'ग्लूटेनयुक्त तांदूळ' असं दिसतं ते मात्र साफ चूक. ते वाचून ग्लूटेन वर्ज्य असलेला माणूस चालणारा पदार्थ उगाचच टाळेल.