त्रेबोनमध्ये एक दिवस: आधी बांध, मग राजवाडा

प्रागहून एका दिवसात त्रेबोन होईल का, आणि चौक व राजवाडा पाहिला की पुरे का, असा प्रश्न आहे. एका दिवसात होईल. मात्र तेवढंच पाहून परतलात तर गाव कळणार नाही, कारण इथलं सगळ्यात मोठं बांधकाम गावाच्या वेशीबाहेर, पाण्यात आहे.

चेक देशाच्या दक्षिण बोहेमिया भागात, चेस्के बुद्येयोवित्से शहराच्या पूर्वेला सुमारे 25 किलोमीटरवर हे आठेक हजार वस्तीचं गाव आहे. लुझ्नित्से नदीचं खोरं इथे इतकं सपाट की पाण्याचा निचराच होत नाही. दलदल, पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती) आणि वाळूची निकस जमीन. धान्य पिकवून श्रीमंत व्हावं असं काही नाही. 1366 मध्ये रोझम्बर्क या सरदार घराण्याकडे हा मुलूख आला आणि त्यांनी दलदलीलाच कामाला लावलं: तिथे माशांची तळी केली. ख्रिस्ती उपवासात मांस वर्ज्य, मासा चालतो. त्यामुळे कार्प या गोड्या पाण्यातल्या माशाला हुकमी बाजार होता.

सगळ्याचा कणा म्हणजे तळी बांधणाऱ्या श्तेपानेक नेतोलित्स्कीने 1506 ते 1520 मध्ये खणलेला ‘झ्लाता स्तोका’ हा पाट. लांबी सुमारे 48 किलोमीटर, उतार अगदी नाममात्र. लुझ्नित्सेचं पाणी घेऊन तो तळ्यांना देतो आणि पुन्हा त्याच नदीला मिळतो. तळं भरणं एवढंच त्याचं काम नाही. हिवाळ्यात बर्फाखाली पाणी साचून राहिलं तर प्राणवायू संपून मासे मरतात, म्हणून ताजं पाणी खेळतं ठेवावं लागतं. गावातल्या गिरण्या आणि मद्यभट्टीही याच पाण्यावर चालत.

तळी बांधणारा पुढचा माणूस याकुब क्रचीन, जास्त धाडसी. गावाला खेटून असलेलं ‘स्व्येत’ तळं त्याने 1571 ते 1573 मध्ये बांधलं आणि त्यासाठी गावाबाहेरची वस्ती उठवली. मग 1584 ते 1590 मध्ये घराण्याच्याच नावाचं ‘रोझम्बर्क’ तळं: सुमारे 490 हेक्टर पाणी आणि जवळजवळ अडीच किलोमीटर लांब मातीचा बांध. इथे त्याने थेट नदीच अडवली. मातीच्या बांधावरून पुराचं पाणी वाहिलं की बांध खचतो आणि फुटतो, त्यामुळे नुसत्या सांडव्यावर विसंबणं धोक्याचं होतं. म्हणून वरच्या अंगाला ‘नोवा र्शेका’ हा कालवा काढून जादा पाणी नेझार्का नदीत वळवलं. चेक देशातलं हे सर्वात मोठं मत्स्यतळं आहे. ऑगस्ट 2002 च्या महापुरात त्याने सुमारे सात कोटी घनमीटर पाणी थोपवून धरलं. चारशे वर्षांपूर्वीच्या मातीकामाची याहून मोठी परीक्षा कोणती!

आता प्रत्यक्ष जाण्याबद्दल. रेल्वेने वेसेली नाद लुझ्नित्सीपर्यंत जाऊन तिथे गाडी बदला; थेट गाडी मिळाली तर उत्तमच. उतरायचं मात्र ‘त्रेबोन लाझ्ने’ थांब्यावर. नुसत्या ‘त्रेबोन’ स्थानकावर उतरलात तर जुन्या गावापर्यंत जास्त चालावं लागतं. चौकात कमानींची घरं आणि नगरभवनाचा मनोरा आहे, त्याला अर्धा तास पुरतो. तिथून स्विनेन्स्का वेशीतून बाहेर पडा. शेजारीच रेगेंट मद्यभट्टी (परंपरा 1379 पासूनची), आणि लगेच स्व्येतचा बांध, जुन्या ओक वृक्षांचा. तळ्याभोवतीची पूर्ण वाट सुमारे 12 किलोमीटरची आहे. वेळ नसेल तर नंतरच्या मालकांच्या, श्वार्झेनबर्ग घराण्याच्या निओ-गॉथिक समाधीपर्यंत (1877) जाऊन परता. रोझम्बर्क तळ्यासाठी भाड्याची सायकल घ्या, रस्ता सपाट आहे.

रोझम्बर्क घराण्यातला शेवटचा, पेत्र वोक, आपली क्रुमलोवची जहागीर विकून 1602 मध्ये इथल्या राजवाड्यात आला आणि 1611 मध्ये इथेच वारला. आतल्या दालनांत वाटाड्यासोबतच जाता येतं. सोमवार टाळा, आणि हिवाळ्यात जाणार असाल तर वेळा आधी विचारून घ्या.

ऋतूला फार महत्त्व आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस उथळ, कोमट पाण्यात माशांच्या खाद्यातली पोषकद्रव्यं साठून शेवाळ माजतं, तळी हिरवी पडतात. पोहायचं असेल तर जून बरा. शरद ऋतूत मासे काढायला तळी रिकामी करतात. मोठ्या तळ्यातलं पाणी सोडायला काही आठवडेही लागतात. मासे उरल्यासुरल्या खोल भागात गोळा झाले की पहाटेपासून जाळी ओढतात. तारखा आधी जाहीर होतात. सकाळी लवकरच पोहोचा, दुपारी गेलात तर बहुतेक चिखलच दिसेल, आणि गमबूट हवेतच. त्यानंतर ते तळं पुन्हा भरेपर्यंत तिथे पाण्याचं छायाचित्र मिळणार नाही, हेही धरून चाला.

खायला ‘काप्री ह्रानोल्की’ मागा: कार्पच्या बोटभर पट्ट्या, आतले बारीक काटे मोडतील अशा जवळजवळ चिरा देऊन तळलेल्या. अख्ख्या तुकड्यात काटे फार असतात, सवय नसेल तर त्रास होतो. पीटच्या लेपाचे उपचार इथे 1883 पासून चालतात, पण ते वैद्यकीय सल्ल्याने आणि आगाऊ नोंदणीने. एका दिवसाच्या फेरीत ते बसवू नका.