चावी काढली तरी इंजिन चालूच!

प्रश्न: नमस्कार दादा, वडिलांची 1984 ची मर्सिडीज 240 डी आहे, डब्ल्यू 123 मालिकेतली डिझेल गाडी, मॅन्युअल गिअर. हल्ली चावी फिरवून हातात घेतली तरी इंजिन चालूच राहतं, कधी थोड्या वेळाने बंद होतं, कधी होतच नाही, मग गिअर टाकून ब्रेक दाबून क्लच सोडतो. मागच्या डाव्या दाराचं लॉक पण आपोआप पडायचं बंद झालंय. गंमत म्हणजे परवा दारं आतून लॉक होती तेव्हा गाडी लगेच बंद पडली. मेकॅनिक म्हणतो डिझेल पंप उतरवून ओव्हरहॉल करायला लागेल. करू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: अजिबात नको! पंपाला हात लावू देऊ नका. दारं लॉक असताना लगेच बंद पडली ना, तिथेच अर्धं उत्तर तुम्ही स्वतः दिलंय.

डिझेलला स्पार्क नसतो, त्यामुळे नुसता करंट तोडून हे इंजिन थांबत नाही, डिझेलच तोडावं लागतं. या गाडीत ते काम व्हॅक्यूम करतो, म्हणजे नळीतली हवा खेचून तयार होणारी ओढ. इंजिनच्या पुढच्या बाजूला व्हॅक्यूम पंप आहे, तो मुख्यतः ब्रेक बूस्टरसाठी (ब्रेक दाबायला जोर कमी लागावा म्हणून असतो तो), पण त्याच जाड पाइपातून बारीक प्लास्टिकच्या नळ्या निघतात, एक चावीच्या स्विचकडे जाते, एक दारांच्या लॉककडे. चावी बंद केली की स्विचमागचा व्हॉल्व्ह उघडतो, व्हॅक्यूम डिझेल पंपाच्या मागच्या डबीत जातो, डबीतला रबरी पडदा रॅक, म्हणजे डिझेल किती जायचं ते ठरवणारा दांडा, ओढतो आणि डिझेल बंद. आता दाराच्या लॉकमध्ये कुठे पडदा फाटला असेल तर सगळा व्हॅक्यूम तिथूनच गळतो आणि डबीपर्यंत काही पोचतच नाही. लॉक लावायची आणि उघडायची लाइन वेगवेगळी असते, तुमची उघडायच्या बाजूची फुटलीय असं दिसतंय, म्हणून लॉक असताना गाडी शहाण्यासारखी वागते.

खात्री करायची तर बॉनेट उघडा, बूस्टरच्या जाड पाइपावरून दारांकडे जाणारी पिवळी नळी शोधा, ती काढून तिथल्या रबरी तोंडात एक स्क्रू घट्ट बसवा. इंजिन मिनिटभर चालू ठेवून चावी फिरवा, दारांची लॉकं उघडीच ठेवून. झटक्यात बंद पडली तर दोष दारांकडेच. मग मागच्या डाव्या दारापासून सुरुवात करा, पॅनल काढा, लॉकची डबी बघा, आणि बिजागरीपाशी नळी वाकते तिथली रबरं पण बघा, चाळीस वर्षांत ती बिस्किटासारखी तुटतात. डिकी आणि डिझेल टाकीचं झाकण पण याच लाइनवर आहे, ते विसरू नका, लोक चारही दारं उघडून बसतात आणि गळती निघते टाकीच्या झाकणात! तोपर्यंत तो स्क्रू राहू द्या, दारं हाताने लॉक करा, चालतंय.

स्क्रू लावूनही बंद पडली नाही तर गेजवाला हाताचा व्हॅक्यूम पंप घ्या, डिझेल पंपामागच्या डबीची नळी काढून तिथे थेट व्हॅक्यूम द्या. इंजिन थांबलं आणि काटा जागेवर राहिला तर डबी ठीक, मग दोष चावीच्या व्हॉल्व्हमध्ये नाहीतर मधल्या नळीत. काटा खाली आला तर डबी बदला, तरीही पूर्ण पंप उतरवायचं काम नाही.

आणि ते क्लच सोडून बंद करणं आजपासून बंद. इंजिनच्या डाव्या बाजूला, डिझेल पंपापाशी, ‘स्टॉप’ लिहिलेला छोटा लिव्हर आहे, तो दाबून धरा, गाडी थांबते.

प्रश्न: माझ्या मर्सिडीज 300 डी ला पण हाच त्रास आहे, पण त्या बारीक नळीत काळं ऑइल निघालं. ते कुठून आलं? (एक वाचक, पणजी)

उत्तर: डबीचा पडदा फाटलाय, बाकी काही शोधत बसू नका. डिझेल पंपातलं इंजिन ऑइल त्या फाटीतून व्हॅक्यूम वर ओढतो, आणि असंच चालवलं तर चावीच्या व्हॉल्व्हपर्यंत सगळं चिकट होऊन बसतं. डबी बदलताना आतला हूक लिव्हरमध्ये नीट गुंतलाय का ते मेकॅनिकला बघायला लावा, जोर लावून ओढायचं नाही, आणि नळ्या धुवून पूर्ण वाळवूनच परत जोडा. या सगळ्यात ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक लागायला लागलं तर मात्र गाडी रस्त्यावर काढू नका, तेव्हा पहिला संशय व्हॅक्यूम पंपावर घ्या.