कार्डवरून पैसे कापायला दोन सेकंद, मग रिफंडला आठवडा का लागतो?

कारण कापताना बँक फक्त मंजुरी देते, पण रिफंडचे पैसे खरोखर उलटे फिरवावे लागतात. स्वाइप केल्यावर दोन सेकंदांत रक्कम केवळ अडवली जाते. दुकानदाराला ती नंतर, दिवसभराचे व्यवहार एकगठ्ठा जुळल्यावर मिळते. रिफंड हा नवा, वेगळा व्यवहार असतो: दुकानदार, त्याची बँक, व्हिसा किंवा रुपेसारखं नेटवर्क, मग तुमची बँक. प्रत्येक टप्प्यावर पुन्हा गठ्ठे, वर रविवार आणि बँकेच्या सुट्ट्या. म्हणून ५ ते ७ कामाचे दिवस सांगतात. दुकानाचा कार्डचा हिशेब मी बघतो. बरेचदा खरा उशीर दुकानदारच रिफंड उशिरा टाकतो म्हणून होतो. ‘केलाय’ म्हणाला तर २३ अंकी एआरएन नंबर, म्हणजे त्या रिफंडचा ओळख क्रमांक, मागा. तो दाखवला की तुमच्या बँकेला शोध घेता येतो.

पण पैसे कापले गेले आणि दुकानदाराला पेमेंट झाल्याचं कळलंच नाही, तर ते प्रकरण वेगळं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे परत यायला हवेत. पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. वस्तू परत केल्याच्या रिफंडला मात्र हा नियम लागू नाही.